घरच्या घरी एरोपोनिक्स: ड्रम, पंप, नोझल आणि आपल्या भागातलं पाणी

गच्चीवाली_शहापूर:
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला राहते, अंगण नाही पण गच्ची मोठी आहे आणि दुपारपर्यंत चांगलं ऊन असतं. कुंड्यांत कोथिंबीर, पालक, पुदिना लावतेच, पण एप्रिल-मे मधे दिवसाला दोनदा पाणी घालायला लागतं आणि तेवढं पाणी घरात नसतं. म्हणून एरोपोनिक्सचा एक ड्रम करायचं मनावर घेतलंय. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी: झाडाच्या मुळ्या मातीत नाहीत, पाण्यात बुडवूनही नाहीत, बंद अंधाऱ्या डब्यात नुसत्या हवेत लोंबत राहतात आणि त्यांच्यावर दर काही मिनिटांनी खताच्या पाण्याचा बारीक फवारा बसतो. मुळ्यांना पाणी मिळतं, हवाही भरपूर मिळते. जे पाणी मुळ्यांनी घेतलं नाही ते खाली टाकीत गळतं आणि परत फिरतं, त्यामुळे पाणी फार कमी लागतं.
२०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम घेतलाय, त्याला बाजूनं दोन-दोन इंची भोकं पाडून नेट पॉट (जाळीच्या छोट्या कुंड्या) बसवणार. बाकी सगळं तुम्हाला विचारूनच. कूलरचा पंप आहे घरात, तो चालेल का? नोझल कुठलं? खत कुठलं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, करंट गेला तर मुळ्यांचं काय?

निपाणीकर:
ताई स्वागत. माझ्याकडं लो प्रेशरचा ड्रम चालू आहे, पालक आणि तुळस लय सुंदर येतेय. कूलरचा पंप मात्र विसरा. तो पाणी दोन मीटर वर चढवतो एवढंच, म्हणजे दाब जेमतेम ०.२ बार, त्यात फवारा होत नाही नुसती धार पडते.

उद्यमबाग_फिटर:
ताई, पहिलं एक ठरवा, तुम्हाला फवारा पाहिजे का धुकं पाहिजे. दोन्हीला लोक एरोपोनिक्सच म्हणतात पण मशीन वेगळी होते.
फवारा म्हणजे लो प्रेशर. दीड-दोन बारपासून चार बारपर्यंत दाब, थेंब मोठा, मुळी भिजते आणि पाणी गळून जाते. सोपं काम हाय, चोक कमी होतंय, भाजी चांगली येते. धुकं म्हणजे हाय प्रेशर, ८० ते १०० पीएसआय म्हणजे साडेपाच ते सात बार, बारीक भोकाचं नोझल, थेंब २० ते ५० मायक्रॉनचा. एवढा बारीक थेंब मुळीच्या लवेवर चिकटून राहतो, मधल्या फटीतनं हवा खेळत राहते, त्यामुळं मुळीची वाढ बघण्यासारखी होते. त्याहून बारीक करायला जाऊ नका, ते बाजारात अल्ट्रासॉनिकचं धूर काढणारं यंत्र मिळतं बघा पाण्यात सोडायचं, त्याचा थेंब चार-पाच मायक्रॉनचा, त्यातनं मुळीपर्यंत खत पुरेसं पोचत नाही आणि पाणी पण गरम होतं.
मी दिवसभर हायड्रॉलिक पॉवर पॅक जोडतो त्यामुळं हा विषय माझ्या आवडीचा हाय. हाय प्रेशर करायचं असलं तर पूर्ण सर्किट सांगतो, विचारा.

गच्चीवाली_शहापूर:
सांगाच दादा, सविस्तर सांगा. वेळ लागला तरी चालेल पण काम एकदाच आणि नीट करायचंय.

रताळीवाले_उचगाव:
मधेच बोलतो, राग मानू नका. आमच्या पश्चिम भागात लाल माती, पाऊस भरपूर, रताळी बटाटा भात सगळं येतं. जमीन असताना हवेत झाडं कशाला टांगायची? पंप नोझल टायमर ह्याचा खर्च बघता कोथिंबिरीची पेंडी कितीला पडणार ते पण लिहा.

आरभावी_विद्यार्थी:
काका, तुमचा प्रश्न रास्त आहे. जमीन आहे त्यानं जमिनीतच करावं, भात, रताळी, ऊस ह्यांना हे तंत्र लागू नाही. पण बटाट्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तुम्ही जे जालंधरकडचं बियाणं आणता त्या बियाण्याच्या मुळाशी आता एरोपोनिक्सच येऊ लागलंय. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं हे तंत्र बसवलंय. टिश्यू कल्चरची व्हायरस नसलेली रोपं बंद पेटीवर लावतात, आत अंधारात मुळ्या आणि त्यांना लागणारे छोटे बटाटे हवेत लटकतात, वर फवारा चालू असतो. पेटीचा पडदा उघडायचा, गोटीएवढा झालेला बटाटा तोडायचा, झाड तसंच चालू, परत नवे लागतात. मातीतल्या रोपाला एकदाच उपटायचं असतं, इथं पुन्हा पुन्हा तोडणी होते, त्यामुळे एका रोपापासून कितीतरी जास्त मिनिट्यूबर म्हणजे बियाण्याचे छोटे बटाटे मिळतात आणि मातीतला रोग लागत नाही. ते बियाणं पुढं नेट हाऊसमधे आणि शेतात वाढवून मग शेतकऱ्याकडं येतं. तंत्रही आजकालचं नाही, १९९७ मध्ये रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर नासानं ह्याचा प्रयोग पाठवला होता.
घरच्या ड्रममधे बटाटा लावायला मात्र कुणी जाऊ नये, तशी निरोगी रोपंच आपल्याला मिळत नाहीत.

रताळीवाले_उचगाव:
हे माहीत नव्हतं बाळा. बियाण्यावर दरवर्षी केवढा पैसा जातो ते आम्हालाच ठाऊक, आणि पोतं फोडल्यावर निम्मं सडकं निघालं की बोलायचं कुणाला. आपल्याच भागात कुणीतरी असं बियाणं करायला पाहिजे. वाचतोय पुढं, लिहा.

उद्यमबाग_फिटर:
तर सर्किट. टाकीतनं पंप, पंपानंतर फिल्टर, मग नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागं येऊ देत नाही तो), मग प्रेशर टाकी, प्रेशर स्विच आणि गेज, मग सोलेनॉइड व्हॉल्व्ह (टायमरच्या करंटवर उघड-बंद होणारा), मग नोझल. एवढंच.
पंप म्हणून आरओचा बूस्टर पंप चालतो, कुठल्याही आरओ रिपेअरवाल्याकडं मिळतो, १०० जीपीडीचा घ्या. पण त्याचा फ्लो बघा, १०० जीपीडी म्हणजे दिवसाला ३८० लिटर, मिनिटाला पाव लिटर पडतं. ०.३ एमएमचं एक नोझल ८० पीएसआयला मिनिटाला अंदाजे ८० मिली घेतं. म्हणजे तीनच नोझल झाले की पंपाचा जीव संपला, आणि ड्रमला तर सहा पाहिजेत. लोक इथंच अडकतात, पंप थेट नोझलला जोडतात आणि म्हणतात दाबच येईना.
म्हणून प्रेशर टाकी. आमच्या भाषेत ॲक्युम्युलेटर. आत रबरी फुगा, एका बाजूला हवा एका बाजूला पाणी. पंप निवांत टाकी भरत बसतो, आणि फवारा मारायच्या वेळी टाकी जोर लावते. बंगल्यात प्रेशर पंपाबरोबर ८ लिटरची छोटी टाकी येते ती घ्या, लेबलवर कमाल दाब १० बार लिहिलेला असला पाहिजे. आरओची साठवण टाकी वापरायला लोक सांगतात पण तिचा कमाल दाबच १०० पीएसआयच्या आसपास असतो, मी तरी १०० पीएसआयच्या कामाला ती लावू देणार नाही. टाकी रिकामी असताना सायकलच्या पंपानं हवा भरून ७५ पीएसआय करायची, प्रेशर स्विच ८० ला चालू आणि १०० ला बंद असा बसवायचा. ८ लिटरच्या टाकीत ह्या ८० ते १०० च्या मधे सव्वा लिटरच्या वर पाणी वापरायला मिळतं.
आता तुमच्या करंटच्या प्रश्नाचं उत्तर ह्यातच हाय. सहा नोझल, पाच सेकंद फवारा, म्हणजे एका वेळेला ४० मिली पाणी. सव्वा लिटरमधे तीस फवारे बसतात. दर पाच मिनिटाला एक धरला तर पंप पूर्ण बंद असला तरी अडीच तास मुळ्या ओल्या राहतात. फक्त टायमर आणि सोलेनॉइडला १२ व्होल्टची छोटी बॅटरी द्यायची. पंपच १२ व्होल्टचा घेतला तर त्याहून बरं, चार-पाच ॲम्पिअर घेतो पण चालतो किती? पाच मिनिटात काही सेकंद. ७ एएचची बॅटरी निम्मी जरी धरली तरी रात्र सहज निघते.

गच्चीवाली_शहापूर:
दादा हे वाचून डोक्यावरचं ओझंच उतरलं. मी मोठा इन्व्हर्टर घ्यायचा विचार करत होते.

अथणीचा_शेतकरी:
राम राम. द्राक्षवाला हाय मी, पाण्याचं मी बोलतो. आमच्याकडं बोअरचं पाणी मीटर लावला की हजाराच्या पुढं टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, दाखवतं. असलं पाणी बारीक नोझलला घातलं की भोकाला पांढरा थर बसतो आणि फवारा वाकडा होतो, मग एका बाजूच्या मुळ्या वाळतात आणि वरनं झाड ठणठणीत दिसतं, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळं आमच्या काळ्या रानाच्या पट्ट्यात, अथणी, रायबाग, गोकाक, तिकडं कुणी करत असलं तर पहिलं पाणी तपासा मग पंप घ्या. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं धरणाचं पाणी येतं, ते पुष्कळ बरं.
मी बोअरच्याच पाण्यावर लो प्रेशर केलंय. बॅटरीवरचा पाठीवरचा फवारणी पंप असतो ना, त्याची मोटर आणि बॅटरी जुन्या पंपातनं काढली, आणि पॉलिहाऊसला लावतात ते चार तोंडाचे फॉगर लावले. ड्रिपच्या दुकानात मिळतात. चार बारला एक फॉगर ताशी तीस लिटरच्या आत पाणी घेतो, थेंब साधारण ७० मायक्रॉनचा, धुक्याएवढा बारीक नाही पण बरा. खाली गळू नये म्हणून त्याला छोटा व्हॉल्व्ह येतो तो नक्की घ्या. घरात आधीच पडलेल्या वस्तूत काम झालं.

उद्यमबाग_फिटर:
अण्णा, हे झकास काम हाय. शेतकऱ्याच्या घरी हा पंप असतोच. पाठीवरच्या पंपाचा दाब तीन-चार बारपर्यंत मिळतो त्यामुळं फॉगरलाच ठीक, बारीक नोझलला पुरणार नाही एवढं लक्षात ठेवा.

कणकुंबीकर:
आमच्याकडं उलटं आहे. पाऊस इतका की पन्हाळीखाली टाकी ठेवली की जूनमधे एका दिवसात भरते. पावसाचं पाणी एरोपोनिक्सला सोन्यासारखं, मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. फक्त दोन गोष्टी. पहिला पाऊस छपराची धूळ, शेवाळ, पाला घेऊन येतो तो सोडून द्यायचा. आणि ह्या पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम काहीच नसतं त्यामुळे ते सगळं खतातनंच द्यावं लागतं, शिवाय पीएच पटकन वर-खाली होतो, दोन-तीन दिवसांनी बघत राहायचं.
जांबोटी-कणकुंबीकडं खरी अडचण पाण्याची नाही, उजेडाची आहे. जुलै-ऑगस्टमधे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, लेट्यूस लांबडं होऊन आडवं पडतं. त्या दिवसांत पुदिना आणि पालकच लावावा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणावं म्हणजे पानावर सतत पाणी पडून बुरशी येत नाही. ऑक्टोबरपासून फेब्रुवारी म्हणजे ह्या कामाचा राजा हंगाम, रात्री थंडी, दिवसा स्वच्छ ऊन.

गच्चीवाली_शहापूर:
आणि खत? दुकानदार १९:१९:१९ देतोय, म्हणतो पाण्यात विरघळतं म्हणजे झालं.

आरभावी_विद्यार्थी:
नको ताई. १९:१९:१९ जमिनीतल्या ड्रिपला चांगलं आहे. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो, तो मातीतले जिवाणू फोडून झाडाला घेता येईल असा करतात, आपल्या ड्रममधे मातीच नाही. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. पालकाची आणि लेट्यूसची कोवळी पानं टोकाला करपतात ती बहुतेक वेळा कॅल्शियम न पोचल्यामुळेच.
बिनमातीच्या शेतीला नत्र मुख्यतः नायट्रेटमधला लागतो. मी १०० लिटर चांगल्या पाण्याला पालेभाजीसाठी हे प्रमाण वापरतो: कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ३५ ग्रॅम, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट पंधरा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३५ ग्रॅम. १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह पावणेदोन ग्रॅम, आणि बाकीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पाकिटावर बिनमातीच्या पिकाला लिहिलंय तेवढंच. ह्यातून नत्र १३८ पीपीएम, स्फुरद ३४, पालाश १७३, कॅल्शियम ११३, मॅग्नेशियम ३४ मिळतं, ईसी, म्हणजे पाण्यातल्या खताची ताकद दाखवणारा मीटरचा आकडा, १.३ च्या आसपास येतो. इथं स्फुरद-पालाश म्हणजे शुद्ध मूलद्रव्य धरलंय, पिशवीवरच्या आकड्याशी थेट जुळवू नका.
सगळ्यात महत्त्वाचं, कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बाटलीत. त्याच्याबरोबर एक लिटर पाण्यात लोह टाका, ही ए बाटली. बाकी सगळं दुसऱ्या एक लिटरमधे, ती बी बाटली. टाकीत आधी पाणी भरायचं, मग प्रत्येक लिटर पाण्याला ए दहा मिली घालून ढवळायचं, मग बी दहा मिली. ए आणि बी घट्ट असताना एकत्र केल्या की कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटशी मिळून पांढरा साका खाली बसतो. तो साका परत विरघळत नाही, झाडाला मिळत नाही आणि नोझल बंद करतो.
हे सगळं मोजायचं नसेल तर बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का सस्य पोषक रस म्हणून तयार द्रावण आहे, तेही ए आणि बी असंच येतं.

अथणीचा_शेतकरी:
द्राक्षवाल्याच्या घरात ही सगळी पोती असतातच, ओळखीच्या कुणाकडनं किलोभर आणा, आख्खी पिशवी घ्यायची गरज नाही. कॅल्शियम नायट्रेट हवेला पाणी सुटतं, डब्यात घट्ट झाकून ठेवा.
पीएच खाली आणायला आम्ही ड्रिप धुवायला वापरतो तेच फॉस्फरिक ॲसिड, पण घट्ट ॲसिड थेट टाकीत ओतायचं नाही. बादलीभर पाण्यात थोडं ॲसिड टाकायचं, ॲसिडमधे पाणी कधी नाही, हातमोजे चष्मा घालूनच. घरात पोरं असली तर बाटली कुलपात.

निपाणीकर:
पीएच किती ठेवायचा ते राहिलं. साडेपाच ते साडेसहाच्या मधे. पालक जास्त खातो, त्याला ईसी १.८ ते २ लागतो, लेट्यूसला ०.८ ते १.२ बास. एकाच ड्रममधे दोन्ही लावायचं असलं तर मधे १.३-१.४ ठेवतो मी. साध्या टीडीएस मीटरवर ईसी १ म्हणजे अंदाजे ५०० दिसतं.

गच्चीवाली_शहापूर:
निपाणीकर, तुमचं बी कसं रुजवता? कोकोपीटचे ट्रे आणलेत मी.

निपाणीकर:
तंबाखूचे तरवे घालणाऱ्या घरातला माणूस आहे मी, रोपं हा आमचा विषय. कोकोपीट ड्रममधे नको. त्याचे बारीक धागे फवाऱ्यानं सुटतात, खाली टाकीत जातात, तिथनं पंपात. फोमचा तुकडा वापरा. सोफ्याच्या दुकानात मऊ फोमची कातरण मिळते, इंचभर चौकोन कापायचे, अर्ध्यापर्यंत एक चीर, गरम पाण्यातनं काढून पिळून घ्यायचे. त्या चिरेत बी ठेवायचं. कोथिंबिरीचं बी हलकं रगडून दोन फोडी करायच्या आणि रात्रभर भिजवायचं. उगवेपर्यंत नुसतं पाणी, दोन खरी पानं आली की निम्म्या ताकदीचं खत. मुळी फोमच्या खालनं बोटभर बाहेर आली की मगच ड्रमवर चढवायचं, त्याआधी चढवलं तर फवारा मुळीपर्यंत पोचतच नाही.
नेट पॉटच्या जागी मी व्यायामाच्या जाड चटईचे गोल कापून कॉलर केल्यात. घट्ट बसतात, उजेड आत जात नाही. उजेड गेला की हिरवं शेवाळ आलंच. निळा ड्रम तसाच ठेवू नका, बाहेरनं आधी काळा रंग मारा आणि त्यावर पांढरा. नुसता काळा मारला तर उन्हात आत भट्टी होते.
पुदिन्याला बी नको, बाजारच्या पेंडीतली जाड काडी पाण्यात ठेवली की मुळ्या फुटतात, तीच लावायची. झाकण उचलून आत टॉर्च मारला की काय दिसतं सांगू, पांढऱ्याशुभ्र मुळ्या आणि प्रत्येक मुळीवर कापसाच्या वातीसारखी बारीक लव, त्या लवेवर पाण्याचे कण अडकलेले. मातीत हे कधी बघायलाच मिळत नाही कारण उपटताना सगळी लव तुटून जाते. मुळी तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी दिसली तर समजायचं सड लागली.

आरभावी_विद्यार्थी:
ती सड बहुतेक वेळा गरम पाण्यामुळे. २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. गरम पाण्यात पिथियम नावाचा बुरशीसारखा जीव जोर धरतो. खताचं पाणी शक्यतो २५ च्या आत ठेवायचं. ताई, खालची टाकी गच्चीवर उन्हात ठेवू नका, जिन्याच्या खाली किंवा सावलीत ठेवा, ओलं गोणपाट गुंडाळा. एप्रिल-मेमधे दुपारी पाच मिनिटांऐवजी दर तीन मिनिटांनी फवारा द्या, रात्री दहा मिनिटांनी एकदा दिला तरी पुरतो. आणि कडक उन्हाळ्यात ईसी थोडा कमी करा, झाड पाणी जास्त ओढतं आणि टाकीतलं खत घट्ट होत जातं.
आणखी एक, खताचं पाणी आंबट असतं त्यामुळे जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप, तांब्याचे तुकडे वापरू नका, जस्त आणि तांबं पाण्यात उतरून मुळ्यांना त्रास होतो. प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टील.

रताळीवाले_उचगाव:
एक विचारतो. मिरची येते काय ह्याच्यात? आपली संकेश्वरी?

कणकुंबीकर:
मिरची, टोमॅटो येतात काका, पण झाड जड होतं आणि मुळ्यांचा गठ्ठा एवढा वाढतो की नोझलच झाकलं जातं. ड्रमवर वरच्या झाकणात एक-दोनच झाडं लावायची आणि दोरीनं वर बांधायची. ईसी दोनच्या वर न्यावा लागतो, फुलं लागल्यावर पालाश जास्त. पालेभाजीच्या ड्रममधे मिरची घुसवू नये, दोघांची भूक वेगळी.

अथणीचा_शेतकरी:
फिल्टरचं कुणी बोललं नाही अजून. ड्रिपचा १२० मेशचा (इंचात १२० भोकांच्या जाळीचा) फिल्टर फॉगरला ठीक, ०.३ च्या नोझलला २०० मेश लावा. पंपाच्या आधी फार बारीक फिल्टर लावू नका, पंप ओढता ओढता दमतो, आधी साधी जाळी आणि बारीक फिल्टर पंपाच्या पुढं. नोझल काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवले की चुन्याचा थर निघतो. सुई घालून टोकरू नका, भोक मोठं झालं की थेंब बिघडला. एक जादा सेट धुऊन तयार ठेवायचा, फवारा वाकडा दिसला की बदलायचा.

उद्यमबाग_फिटर:
आणि करंटचं गांभीर्यानं घ्या. गच्ची, पाणी, खत, ओले हात, पाऊस. २३० व्होल्टची वायर ड्रमपर्यंत नेऊच नका. ॲडॉप्टर घरात कोरड्या जागी, तिथनं १२ किंवा २४ व्होल्टच बाहेर. ज्या बोर्डावर जोडणार तिथं ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच तोडणारा स्विच) पाहिजे म्हणजे पाहिजे. आणि सर्किट उघडायच्या आधी टाकीतला दाब सोडून गेज शून्यावर आलेला बघायचा, सात बार म्हणजे खेळ नव्हे, फिटिंग उडून डोळ्याला लागतं.
सोलेनॉइड जेवढा नोझलच्या जवळ तेवढा चांगला. लांब पाइप राहिला की फवारा बंद झाल्यावर त्यातलं पाणी टपटप गळत बसतं, आणि परत चालू होताना पहिले दोन-तीन सेकंद दाबच नसतो. पाच सेकंदातले तीन सेकंद असेच गेले तर धुकं व्हायचं कधी?

गच्चीवाली_शहापूर:
सगळं वहीत उतरवलंय. मी हाय प्रेशरच करणार, शहराचं पाणी आणि पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी, लावणी पालक, पुदिना, कोथिंबीर. उचगावच्या काकांनी खर्चाचं विचारलं होतं त्याचं उत्तर देते. पेंडीच्या हिशोबात हे परवडतं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या गल्लीत कुणाकडंच जमीन नाही, घराला घर लागून आहे, आणि फवारणी न केलेली पालेभाजी लेकरांच्या ताटात रोज पडावी एवढंच मला पाहिजे. त्यासाठी मी सणाचा खर्च कमी करायला तयार आहे.
फिटरदादा, शेवटचे दोन प्रश्न. ड्रम भंगारवाल्याकडचा आहे, चालेल का? आणि नोझल पाइपात बसवायचे कसे?

रताळीवाले_उचगाव:
लेकरांसाठी करतायसा म्हटल्यावर विषयच संपला. झाला की फोटो टाका, मी बघायला येतो आणि येताना रताळी आणतो.

उद्यमबाग_फिटर:
ड्रमवर आधी काय होतं ते विचारा. सरबताचा, तेलाचा, लोणच्याचा असला तर घ्या. औषधाचा, रंगाचा, केमिकलचा असला तर कितीबी धुतला तरी भाजीला नको, प्लास्टिकात मुरलेलं असतं. काय होतं ते त्याला सांगता येत नसेल तर तो ड्रम परत करा.
नोझलचे आटे बहुतेक १०-२४ चे असतात, काही ३/१६ चे पण येतात, घेताना सगळे एकाच मापाचे बघून घ्या. पितळेचे स्वस्त असतात पण विद्यार्थीदादा म्हणतोय ते बरोबर, स्टीलचे मिळाले तर तेच घ्या. १०-२४ चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, माझ्याकडं हाय. जाड भिंतीचा पाइप आणा, पातळात आटे धरत नाहीत. सहा भोकं एका रेषेत पाडू नका, दोन वर, दोन मधे, दोन खाली, समोरासमोर तोंड करून, म्हणजे मुळ्या लांब झाल्यावर पण कुठं कोरडी जागा राहणार नाही. रविवारी वर्कशॉप बंद असतं, त्या दिवशी सकाळी पाइप आणि नोझल घेऊन या, अर्ध्या तासाचं काम हाय. तिथंच कंप्रेसर लावून १०० पीएसआयला पाण्यात बुडवून बघू, लीक असला तर तिथंच कळंल.